तिसरी वीट

"काल दिवसभरात काय काय खाल्लं?" हा प्रश्न मी एकतीस वर्षं विचारला. समोर बाई बसलेली असली की त्याचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी दिलं. मुलाने, सुनेने, नवऱ्याने. एकदा तर सोबत आलेल्या रिक्षावाल्याने. तो म्हणाला, "मावशी काहीच खात नाही हो, नुसत्या हवेवर वाढते."

लेख मागताना संपादक म्हणाले, "ताई, वजन कमी करायला येणाऱ्या लोकांच्या गमती लिहा. दिवाळीचे दिवस आहेत, वाचक हसला पाहिजे." गमती नाहीत असं नाही, एखाददुसरी सांगेनही. पण माझं डोकं ज्या गोष्टीने तापलेलं आहे ती बाजूला ठेवून नुसत्या गमती लिहिल्या, तर मला फराळ गोड लागायचा नाही. संपादकांना जास्त वाटलं तर त्यांनी कापावं. कापाकापी बघायची मला सवय आहे.

मी आहारतज्ज्ञ. आधी धुळ्याला होते, मग जळगावच्या एका खासगी रुग्णालयात; गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियांच्या विभागात काढली. सर्जन बाहेरगावाहून महिन्यातले दोन शनिवार यायचे. त्यांच्याकडे जाण्याआधी पेशंट माझ्या टेबलाशी यायचा. खाणं-पिणं, सवयी, आजार हे सगळं विचारून कागद भरायचा आणि तो कागद घेऊन पेशंटला सरांकडे पाठवायचं, हे माझं काम.

'काल काय खाल्लं' हा प्रश्न दिसतो तेवढा भाबडा नाही. खानदेशातली बाई 'खाल्लं' हा शब्द फक्त ताट वाढून, बसून जेवलेल्या अन्नाला लावते. नातवाने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाला राहिलेलं भरीत, कालच्या उरलेल्या दोन बट्ट्या, हे तिने खाल्लेलं नसतं. ते तिने 'संपवलेलं' असतं. अन्न वाया जाऊ नये म्हणून केलेलं ते एक काम असतं, भांडी घासण्यासारखं. हे कळायला मला चार वर्षं लागली. कळल्यावर मी माझ्या तक्त्यात एक जास्तीचा रकाना आखला: 'संपवलं'. पहिल्या रकान्यात दीड भाकरी निघायची आणि दुसऱ्यात अडीच. शिकायला येणाऱ्या मुलींना मी हा रकाना मोठ्या तोऱ्यात दाखवायचे. बाईला तिच्या शब्दांत विचारा गं, असं भाषणही द्यायचे. तो तोरा कसा उतरला, तेच सांगायचं आहे.

पण आधी धंदा थोडा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. वजन उतरवायच्या शस्त्रक्रिया आमच्याकडे मुख्यतः दोन व्हायच्या. एक स्लीव्ह. तिच्यात जठराचा मोठा भाग उभा कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. जळगावात हे समजावायला सोपं, टेबलावर एक केळं ठेवलं की झालं. दुसरी बायपास. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाची छोटीशी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात, म्हणजे बाकीचं जठर आणि आतड्याचा पहिला तुकडा टाळून अन्न पुढे जातं.

साठी उलटलेल्या माणसाला यातली कोणती करायची, हा प्रश्न तरुणापेक्षा अवघड. स्लीव्ह जरा कमी वेळात होते आणि पुढे जीवनसत्त्वांची ओढाताण कमी होते. बायपासनंतर कॅल्शियम, लोह, बी-बाराच्या गोळ्या जन्मभर. त्या विसरल्या की हाडं ठिसूळ होतात, आणि म्हाताऱ्या माणसाने पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्याला बायपासच्या जोडावर जखम व्हायची भीती असते. उलट ज्याच्या छातीत आधीपासून जळजळतं, घशाशी आंबट पाणी येतं, त्याला स्लीव्ह सहसा मानवत नाही. त्या अरुंद नळीतून आम्ल आणखी वर चढतं. त्याला बायपास बरी. म्हणजे एकच एक उत्तर नाही, माणसागणिक ते बदलतं. ते शोधायला त्या माणसाला नीट विचारावं लागतं, आणि तेवढंच आमच्याकडे होत नव्हतं.

होत नव्हतं म्हणजे कुणाच्याच बाबतीत नाही, असं नाही. दीपनगरचे एक निवृत्त फोरमन आले होते, वय त्रेसष्ट. सगळी नोकरी वीजकेंद्रात गेलेली. त्यांनी दोन्ही ऑपरेशनांचे नकाशे फूटपट्टीने काढून आणले होते, झडपांसकट. सरांना म्हणाले, "साहेब, बायपास लाइन टाकल्यावर मूळ लाइन आतच राहणार. तिचं मेंटेनन्स कोण बघणार?" सरांनी नकाशा स्वतःकडे ओढला. प्रश्न खरोखरच चांगला होता. नंतर फोरमनसाहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता खरं सांगा ताई, कुठल्या ऑपरेशननंतर शेवभाजी लवकर सुरू होते?" सव्वा तास बसले होते. शेवटी स्लीव्ह केली आणि आज ठणठणीत आहेत. शेवभाजीवरची तर्री मला शिव्या देत बाजूला काढतात, असं त्यांची बायको सांगते.

त्या सव्वा तासात ती बायको शेजारीच बसली होती. तिला कुणी विचारलं नाही की यांचं कोणतं ऑपरेशन करायचं. आणि विचारू नयेच, पोट त्यांचं होतं. पण साठीची बाई आली की तिचं पोट तिचं राहत नाही, ते घरादाराचं होतं. थोरला एक सांगतो, धाकटा फोनवरून दुसरं सांगतो, मामेभाऊ कुणातरी कंपाउंडरला विचारून तिसरंच सांगतो. आणि जाताना प्रत्येक जण वर हे एक ठेवून जातो: "या वयात कशाला पण?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते नुसतं ऐकलं तरी माझं रक्त उसळतं. या वयात कशाला म्हणजे काय? म्हाताऱ्या बाईने चालू नये? न्हाणीघरात स्वतःच्या पायांनी जाऊ नये? तिला काय आरशात बघायला बारीक व्हायचं असतं?

द्वारकाबाई आल्या तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या. वजन एकशे सोळा किलो, अंगात साखर, दोन्ही गुडघे झिजलेले. घरापासून गोठ्यापर्यंत जाताना त्या दोनदा टेकायच्या. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी वजन उतरवा, मग सांधे बदलायचं बघू. सोबत थोरला मुलगा शरद होता, धुळ्यात त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, आणि त्याची बायको.

माझ्या टेबलासमोरच्या दोन्ही खुर्च्यांना हात होते. लठ्ठपणाच्या विभागात हातांच्या खुर्च्या! त्या बदला म्हणून मी तीनदा अर्ज दिला होता. व्यवस्थापक म्हणाले, सगळ्या मजल्यांवर एकसारखं फर्निचर दिसलं पाहिजे. म्हणून द्वारकाबाई भिंतीकडच्या बाकावर बसल्या, आणि माझ्यासमोर खुर्च्यांवर बसले शरद आणि त्याची बायको. मी प्रश्न विचारायचे समोर बघून. उत्तरं समोरूनच यायची. बाकावरची बाई आमच्या तिघांच्या बोलण्याबाहेर होती, आणि हे मला त्या वेळी विचित्र वाटलं नाही, हे आज लिहिताना माझीच मला चीड येते.

खाण्याचं मी नीट विचारलं. बाकाकडे वळून, 'संपवलं'चा रकानासुद्धा भरला. त्यावर द्वारकाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुमले कसं समजनं?" मी खूश. मग आजारांची यादी आली. बाहेर चौदा माणसं थांबली होती, सर येऊन बसले होते. मी कागदावरचं भराभर वाचत गेले. रक्तदाब, दमा, थायरॉइड.

"अ‍ॅसिडिटी आहे का?"

"नाही," शरद म्हणाला. "आईला तसलं काही नाही."

मी बाकाकडे पाहिलं. द्वारकाबाईंनीही मान हलवली, नाही. मी 'नाही'वर खूण केली. ज्यांना तो त्रास नाही त्यांची, घशातून नळी घालून करायची दुर्बिणीची तपासणी आमच्याकडे करत नसत. "बरं झालं, एक नळी वाचली आईची," शरद म्हणाला.

सरांच्या खोलीत मीही गेले. सरांनी सुरुवात केली, "दोन पर्याय आहेत, स्लीव्ह आणि बायपास," आणि शरद उभाच राहिला.

"बायपास नाही. तो शब्द आमच्या घरात काढायचा नाही."

शरदच्या वडिलांना, आबांना, हृदयाच्या बायपाससाठी आत नेलं होतं. ते परत आले नाहीत. सरांनी समजावलं की ती वेगळी, ही वेगळी, हिचा हृदयाशी काही संबंध नाही. शरद म्हणाला, "नाव तेच आहे ना?" आमच्याकडे बायपास म्हणजे एकतर हायवेचा नाहीतर काळजाचा. पोटालाही बायपास असते हे लोकांच्या गावीही नसतं, आणि आम्ही रुग्णालयातल्या मंडळींनी दुसरा शब्द शोधायची तसदी कधी घेतली नाही. सरांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "काही हरकत नाही. वयाकडे बघता आणि गुडघ्यांच्या गोळ्या चालू आहेत म्हणता, स्लीव्हच बरी." आणि माझ्या कागदावर जे लिहिलं होतं तेवढंच खरं असतं, तर त्यांचं काही चुकलं नसतं.

तेवढ्यात द्वारकाबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सुनेने त्यांच्या मांडीवर हात ठेवला. "आई, डॉक्टर बोलताहेत." ते उघडलेलं आणि मिटलेलं तोंड मी पाहिलं होतं. बाहेर गर्दी होती म्हणून मी विचारलं नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. पुढे फोन करून चौकशी करणं माझ्याकडे होतं, ती मी केली. प्रत्येक वेळी फोन शरदकडे. "मस्त आहे ताई, बावीस किलो कमी." "मस्त आहे, तीस किलो." मी म्हणायचे, आईंना फोन द्या. "ती गोठ्यात गेली आहे." मला तेही ऐकून बरं वाटायचं. गोठ्यात गेली म्हणजे चालते आहे. त्याने आईचे आधीचे आणि नंतरचे फोटो एकत्र करून सगळ्यांना पाठवले होते. आमच्या व्यवस्थापकांनी ते मोठे करून स्वागतकक्षात लावले. फोटोला विचारून काय कळणार?

दोन वर्षांनी एक दिवस माझ्या दारात एक बाई उभी राहिली. नऊवारी, हातात कापडी पिशवी.

"वळखं नई का ताई? मी द्वारकाबाई."

खरंच ओळखलं नव्हतं. पॅसेंजरने एकट्या आल्या होत्या. रुग्णालयाची लिफ्ट बंद होती म्हणून दोन मजले चढून आल्या होत्या. मी उठून त्यांचे हात धरले. इतका आनंद झाला की त्यांचा आवाज घोगरा झाला आहे हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

"सर्दी झाली का?"

"नई. आग." त्यांनी छातीवरून गळ्यापर्यंत बोट फिरवलं. "आते तिसरी ईट ठेवी."

"कसली वीट?"

"खाटनी. डोकानी बाजूना पायास्ना खाले."

झोपताना आम्ल घशाशी येऊ नये म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू उंच करायची, हा उपाय आम्ही लोकांना शिकवतो. या बाईने तो आपला आपण शोधून काढला होता. पण मला हादरवलं ते 'तिसरी' या शब्दाने.

"पहिल्या दोन विटा कधी ठेवल्या?"

"त्या? त्या दहा सालपाईन शेतस."

म्हणजे दहा वर्षांपासून, ऑपरेशनच्याही आधी आठ वर्षं. मी ओरडले, खोटं कशाला बोलू, त्यांच्यावरच ओरडले. "मग मी तुम्हाला विचारलं होतं ना, अ‍ॅसिडिटी आहे का? मान हलवून नाही म्हणालात!"

त्या समजूत घालत म्हणाल्या, "अ‍ॅसिडिटी शहरना लोकेस्ले व्हस, ताई. माले नुसती आग पडस."

मी मूळची शिंदखेड्याकडची. माझ्या घरी अहिराणी बोलतात. 'उरमा आग पडस' हे शब्द मी माझ्या आईच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेले. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन ज्या गावात प्रत्येकाच्याच छातीत आग पडते, तिथे तो आजार आहे असं कुणाला वाटणार? 'संपवलं'चा रकाना आखणारी मी शहाणी, आणि त्या एका प्रश्नाला मी पुस्तकातला शब्द वाचून दाखवला. पदवी घेतली तेव्हापासून टेबलाशी बसून अहिराणी बोलायची मला लाज वाटायची, हे त्यामागचं खरं कारण. दोन वर्षं त्या बाईने माझ्या लाजेची किंमत घशात सोसली होती.

"त्या दिवशी डॉक्टरांसमोर तुम्ही काही बोलणार होतात," मी विचारलं. "काय?"

"हाई आग बी जाई का, येवढंच इचारनं व्हतं. सूनबाईनी मांडीवर हात ठेवा, मंग मी चूप ऱ्हायनू."

एवढं एक वाक्य. ते पुरं झालं असतं तर तपासणी झाली असती, आणि सगळं ठरणं बदललं असतं. कापून काढलेलं जठर काही परत लावता येत नाही.

त्यांना बसवून मी बाहेर आले, शरदला फोन लावला आणि बोलू नये ते बोलले. आईच्या तोंडातून आईची उत्तरं का काढून घेतोस, तिला विचारायला तुझं काय जात होतं, असं बरंच काही. तो ऐकत राहिला. मी विटांचं सांगितलं तेव्हा मात्र म्हणाला, "विटा मीच आणून दिल्या होत्या, ताई. घराचं काम चालू होतं तेव्हा. ती म्हणाली दोन-चार चांगल्या दे, मी दिल्या. मला वाटलं खाट डुगडुगते."

"विचारलं नाहीस कशाला हव्यात?"

"नाही." मग म्हणाला, "आबांना आत नेताना मीच सही केली होती. तो शब्द ऐकला की मला पुढचं काही ऐकूच येत नाही."

माझा राग तिथे अडखळला. याच्यावर सगळा काढता आला असता तर किती बरं झालं असतं. शरद दर महिन्याला धुळ्याहून आईसाठी प्रथिनांचे डबे घेऊन जात होता. ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस दुकान बंद ठेवून तो तिच्या खाटेशी बसला होता. वाईट मुलगा नव्हता तो. आईवर त्याचा जीव होता, फक्त तिला प्रश्न विचारायची त्याला सवय नव्हती. मला तर पगारच प्रश्न विचारायचा मिळत होता.

दुर्बिणीची तपासणी झाली. अन्ननलिकेचं खालचं टोक भाजल्यासारखं लाल, जागोजागी ओरखडे. सरांनी अहवाल दोनदा वाचला. आता रस्ते दोन. एक, रोज गोळ्या, खाण्यातली पथ्यं आणि दर वर्षी दुर्बीण. दुसरा, पुन्हा ऑपरेशन करून स्लीव्हची बायपास करून टाकायची. जळजळीला हा खात्रीचा उपाय, पण अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा भूल, आधीच्या टाक्यांतून पुन्हा चिरफाड आणि जन्मभराच्या गोळ्या.

मी ठरवलं, या वेळी चूक होऊ द्यायची नाही. पुढच्या शनिवारी सरांकडून पहिली वेळ घेतली, पूर्ण अर्धा तास. शरदला म्हटलं, ये, पण बाहेर बसायचं. सरांना आधीच बजावलं की प्रश्न बाईंनाच विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. द्वारकाबाईंना आदल्या दिवशीच बोलावून माझ्या बहिणीकडे ठेवलं आणि तासभर त्यांच्याजवळ बसून बायपास समजावली. अहिराणीत समजावली. कागदावर चित्रं काढली. ही काळजाची नाही, हिच्यात आग पार विझेल, विटा काढून टाकाल, असं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मधूनमधून 'व्हय' म्हणत होत्या. मला वाटलं, पटलं.

शनिवारी सरांनी खरोखर चांगलं विचारलं. खुर्ची त्यांच्या जवळ ओढून म्हणाले, "बाई, पोट तुमचं आहे. दोन्ही बाजू तुम्हाला ताईंनी सांगितल्या आहेत. तुम्हाला काय करायचं आहे?"

द्वारकाबाईंनी एक श्वास घेतला.

"बायपासच, सर," मी म्हणाले. "मी बोलले आहे त्यांच्याशी. त्यांना पटलं आहे."

द्वारकाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

"तुम्ही बी, ताई?"

सर टेबलाकडे बघत होते. तासभर मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांना काय हवं आहे, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं. मांडीवर हात ठेवणाऱ्या सुनेत आणि माझ्यात फरक एवढाच की मी पांढरा कोट घातला होता.

"बोला," सर म्हणाले. "आम्ही ऐकतो."

मग त्या बोलल्या. सावकाश, पण एकदाही न अडता. "मी आते चालस. वावरमा जास, वावरथीन येस. माले येवढंच जोयजे व्हतं, ते गवसनं. आग शे, ते खरं. पन ती दहा-बारा साल मना संगे शे, तिले मी वळखस. गोळ्या दी देवा, मी इसराव नई. साल-सालले नळी घाला. पन पोट आते कोनले कापू देवाव नई."

सरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की अन्ननलिकेचं आतलं अस्तर बदलायला लागलं, म्हणजे कर्करोगाकडे झुकू लागलं, तर हा विषय पुन्हा काढावा लागेल, आणि तेव्हा वय आणखी वाढलेलं असेल. "मंग तव्हय माले इचारा," त्या म्हणाल्या. सरांनी गोळ्या लिहून दिल्या. संध्याकाळी लवकर जेवायचं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, विटा काढायच्या नाहीत, हे सगळं सांगितलं. शरदला आत बोलावून त्याच्या आईने आपला निर्णय स्वतःच्या तोंडाने सांगितला. तो काहीतरी म्हणणार होता, पण माझ्याकडे बघून थांबला.

मी अजूनही चिडलेली आहे. रुग्णालयावर, त्या खुर्च्यांवर, चौदा माणसांच्या रांगेवर, 'या वयात कशाला' म्हणणाऱ्या प्रत्येक तोंडावर. स्वतःवर तर आहेच. आणि खरं सांगायचं तर थोडी द्वारकाबाईंवरही. मला आजही वाटतं की त्यांनी बायपास करून घ्यायला हवी होती. त्यांच्या जागी माझी आई असती तर मी तिला सोडलं नसतं.

त्या दिवशीही मला राहवलं नाही. शरद गाडी आणायला गेला तेव्हा मी त्यांना दाराशी गाठलं.

"द्वारकाबाई, तुम्ही चूक करताय," मी म्हटलं.

त्या चपला घालायला खाली वाकल्या होत्या. तशाच, वर न बघता म्हणाल्या, "आजलोंग दुसरास्न्या चुका भोग्यात, ताई. एक मनी बी व्हऊ द्या."